छप्पर नसलेला कारखाना

(दृश्य: बांधकाम चालू असलेला कारखाना, थेट वरून. विमानाची घरघर.)

मार्च १९६९. अमेरिकेत, टेक्सासमधल्या बोमाँटला ड्यूपाँट कंपनीचा नवा कारखाना उभा राहतोय. छप्पर अजून चढलेलं नाही, आणि वर एक विमान घिरट्या घालतंय.

त्या विमानातून सोळा फोटो काढले गेले. खालच्या लोकांनी विमान हेरलं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत कंपनी फोटोग्राफरांपर्यंत पोचलीसुद्धा. फोटो कुणासाठी काढले? त्यांनी गिऱ्हाइकाचं नाव सांगायला साफ नकार दिला.

कंपनीकडे मिथेनॉल बनवायची स्वतःची पद्धत होती. पेटंट न घेता गुप्त ठेवलेली. अशा माहितीला कायद्यात ‘व्यापारी गुपित’ म्हणतात. यंत्रांची मांडणी पाहून जाणकाराला ती ओळखता येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं.

कंपनी कोर्टात गेली. फोटोग्राफरांचा बचाव ऐकायला बिनतोड होता. आम्ही कुंपण ओलांडलं नाही, करार मोडला नाही, आकाश तर सगळ्यांचंच! अपील न्यायालयानं १९७० मध्ये तो मानला नाही. अर्धवट कारखान्यावर छप्पर घालायचा अवाढव्य खर्च करायचा, आणि तोही एक शाळकरी युक्ती हाणून पाडायला? अशी अपेक्षा कंपनीकडून ठेवता येत नाही, असं न्यायाधीशांनी सुनावलं.

(दृश्य: सुटं केलेलं यंत्र, टेबलावर मांडलेले भाग.)

मात्र तुमचा माल बाजारातून रीतसर विकत घेऊन, खोलून, कुणी पद्धत शोधून काढली, तर तक्रारीला जागा नाही. पेटंट साधारण वीस वर्षं टिकतं, पण शोध जगासमोर मांडावा लागतो. गुपिताला मुदत नसते. फुटलं की संपलं.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेवरच्या कराराचं कलम ३९ गुपिताला संरक्षण मिळायला तीन अटी घालतं. माहिती गुप्त हवी. ती गुप्त आहे म्हणूनच तिला किंमत हवी. आणि मालकानं ती जपायला वाजवी काळजी घेतलेली हवी.

खटले बरेचदा अडतात ते या तिसऱ्या अटीवर. फाइल सगळ्यांना उघडी, पासवर्ड एकच आणि तोही फळ्यावर लिहिलेला, नोकरी सोडलेल्याचं लॉगिन महिनोन्‌महिने चालू. असा मालक कोर्टात ‘चोरी, चोरी’ म्हणून ओरडला, तरी त्याची बाजू लंगडीच पडते. नोकरी सोडणाऱ्यानं कमावलेलं कसब मात्र त्याचं स्वतःचं. ते कुणी कपाटात ठेवून घेऊ शकत नाही. त्यानं जाताना उतरवून नेलेली गिऱ्हाइकांची यादी, हा मामला वेगळा.

(दृश्य: कोर्टाचा बंद दरवाजा.)

वकिलांची धाव आधी मनाई हुकुमाकडे असते, भरपाईचं नंतर. पण एक गोची आहे. गुपित चोरलं हे सिद्ध करायचं, तर ते कोर्टात सांगावं लागतं. म्हणून युरोपीय संघाच्या व्यापारी गुपितांवरच्या २०१६ च्या निर्देशात मोजक्याच लोकांसमोर सुनावणी घ्यायची सोय आहे. त्या मोजक्यांत दोन्ही पक्षांचे वकील, आणि प्रत्येक पक्षाचा किमान एक माणूस असलाच पाहिजे. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याचाही.