ब्रेनर: दरी टिरोलची, रस्ता युरोपचा

[दृश्य: पुलाखालून वर पाहणारा कॅमेरा]

खाली झिल नदी. तिच्या वर १९० मीटरवर युरोपा पूल, १९६३ मध्ये खुला झालेला. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरणारा महामार्ग याच पुलावरून जातो. वर्षाला वीस लाखांहून अधिक ट्रक ही खिंड ओलांडतात. आवाज ऐका. यात पार्श्वसंगीत घातलेलं नाही.

[दृश्य: इन नदीचं खोरं, आकाशातून]

टिरोल हे ऑस्ट्रियाच्या नऊ राज्यांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे १२,६४० चौरस किलोमीटर, पण कायमची वस्ती करता येईल अशी जमीन त्यातली जेमतेम आठवा हिस्सा. बाकी कडे, जंगल, कुरणं, हिमनद्या. त्यामुळे घरं, गोठे, शाळा, रेल्वे आणि महामार्ग, सगळं दरीच्या तळाला एकमेकांना खेटून.

[नकाशा]

हे राज्य सलगही नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या साँ-जेर्मां तहात ब्रेनरच्या दक्षिणेकडचा टिरोल इटलीला गेला आणि लिएन्झ शहराभोवतीचा पूर्व टिरोल एकटा पडला. आजही लिएन्झहून राजधानी इन्सब्रुक गाठायची तर इटलीतून जा, नाहीतर फेल्बरटाउर्नच्या बोगद्याने शेजारच्या साल्झबुर्ग राज्यात उतरा.

[दृश्य: ब्रेनरचं रेल्वे स्थानक]

खिंडीची उंची सुमारे १,३७० मीटर. आल्प्सची मुख्य रांग ओलांडणाऱ्या वाटांत ही ठेंगणी, म्हणून बाराही महिने वाहती. १८६७ मध्ये इथून आगगाडी गेली, तीही माथ्याखाली बोगदा न खणता. मालाने रूळ सोडून डांबर धरलं ते नंतर.

[दृश्य: लांडहाउस, सभागृहाचं रंगवलेलं छत]

इन्सब्रुकमधला हा बरोक वाडा. छतावरची चित्रं कोस्मास डामियान आझाम यांची. मान वर करून जरा थांबावं अशीच. त्यांच्याखाली ३६ सदस्यांची विधानसभा, म्हणजे लांडटाग, बसते. १९४५ पासून राज्याचा प्रमुख पीपल्स पार्टीचाच. २०२२ पासून आंतोन माटले. पक्ष पुराणमतवादी, पण ट्रकचा विषय निघाला की इथे डावं-उजवं फारसं उरत नाही.

राज्यप्रमुखाच्या हाती एक हत्यार आहे: हवेच्या शुद्धतेचा कायदा. त्याच्या आधारे ट्रकांवर रात्रबंदी येते. कचरा, दगड, ओंडके, पोलाद असा जो माल रेल्वेने जाऊ शकतो, तो महामार्गावरून न्यायला मनाई होते.

आणि मग प्रकरण लक्झेंबर्गला पोचतं. युरोपीय न्यायालयाने ही मालबंदी २००५ मध्ये मोडीत काढली. टिरोलने नवी आणली, तीही २०११ मध्ये पडली. २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. २०२४ मध्ये या सगळ्या निर्बंधांविरुद्ध इटलीने ऑस्ट्रियालाच कोर्टात खेचलं. मालाची मुक्त वाहतूक हे युरोपीय संघाचं मूळ वचन. ते पाळायचं मात्र दरीतल्या माणसांनी.

[दृश्य: महामार्गावर बसलेली माणसं, जुनी छायाचित्रं]

जून १९९८. लोकांनी हा रस्ता जवळपास ३० तास अडवला. एका जर्मन वाहतूक कंपनीने ऑस्ट्रियाकडे भरपाई मागितली. २००३ मध्ये त्याच लक्झेंबर्गच्या न्यायालयाने निवाडा दिला: सरकारने आंदोलन होऊ दिलं, यात चूक नाही. हा निकाल युरोपभरच्या कायद्याच्या वर्गांत शिकवतात.

[दृश्य: कुफस्टाइन, सीमेवरची रांग]

गर्दीच्या ठरावीक दिवशी ट्रक तासाला मोजूनच आत सोडतात. रांग जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात मागे सरकत जाते आणि बव्हेरिया चिडतो. दरीतल्या लोकांची झोप आणि फुप्फुसं, तो हिशेब वेगळाच.

[दृश्य: बोगद्याचं तोंड, कामगार, खडकाचा चुरा]

उत्तर म्हणून डोंगराच्या पायथ्यातून खणला जातोय रेल्वेचा ब्रेनर पायथा बोगदा. लांबी ५५ किलोमीटर. इन्सब्रुकच्या वळणमार्गाला जोडून ६४. गाड्या २०३२ मध्ये धावाव्यात असं ठरलं आहे. मात्र उत्तरेला बव्हेरियात त्याला जोडणाऱ्या नव्या लोहमार्गाचं काम अजून सुरूच झालेलं नाही.