पुस्तक नवव्या पानावर सुरू होतं

(दृश्य : टेबलावर सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा.)

32 वर्षं एसटीत कंडक्टर असलेल्या एका काकांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या. पुतणीने त्या टाइप केल्या, 212 पानं झाली, आणि गठ्ठा एका संपादिकेकडे आला. काकांची मागणी साधी होती. "ताई, तेवढं शुद्धलेखन बघून द्या. बाकी सगळं तयार आहे."

तीन आठवड्यांनी गठ्ठा परत आला. शुद्धलेखनाला हातसुद्धा लावलेला नव्हता. वरच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने एकच ओळ होती : 'पुस्तक नवव्या पानावर सुरू होतं.'

आधीच्या आठ पानांत घराण्याचा इतिहास होता, गावच्या देवळाचं वर्णन होतं आणि 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली गाडी होती. माहिती खरी. पण त्या गाडीत काका नव्हते. नवव्या पानावर मात्र रात्रीची मुक्कामी गाडी आहे. फाट्यावर एक बाई उतरते, तिला न्यायला कुणी आलेलं नाही, आणि कंडक्टरचा घंटीच्या दोरीवरचा हात तसाच राहतो.

(दृश्य : छापील कच्ची पानं, समासात तांबड्या खुणा.)

संपादन आणि मुद्रितशोधन यांची आपल्याकडे कायम गल्लत होते. 'त्याचे शीर धडावेगळे झाले' असं छापलं, तर धडावेगळी झाली ती रक्तवाहिनी. डोकं हवं असेल तर 'शिर' ऱ्हस्व. हे पकडतो तो मुद्रितशोधक. मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि 1972ला जोडलेले चार, हे त्याचं राज्य. ते काम बारीक आहे, मानाचं आहे, पण त्याची पाळी शेवटी येते. जी पानं उद्या निघूनच जाणार, त्यांच्या वेलांट्या आज कशाला मोजायच्या?

संपादक त्याच्या कितीतरी आधी येतो. गिरगावात, खटाववाडीत, मौज प्रकाशनाच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हे काम आयुष्यभर केलं. संहिता वाचायची, लेखकाशी बोलायचं, पत्रं लिहायची, पुन्हा लिहून मागायचं. मौजेचं पुस्तक उशिरा येतं, ही लेखकांची तक्रारही असे आणि थोडी फुशारकीही.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. 1969मध्ये लघुनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या नियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी भागवतांच्याच 'सत्यकथा' मासिकाच्या अंकाची होळी केली. छापायचं काय आणि भाषा कुणाची, हे एकाच अभिरुचीने का ठरवावं, हा त्यांचा सवाल होता. तो आजही प्रत्येक संपादकाच्या टेबलावर असतो. असायलाच हवा.

काकांच्या टेबलावर तो अकराव्या पानाच्या रूपात आला. तिथलं वाक्य असं होतं : 'सदर महिला प्रवाशास सहानुभूतीपूर्वक विचारणा केली असता तिच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या.'

समासात पेन्सिल : 'काका, हे डेपो मॅनेजरना लिहिलंय. घरी काय सांगितलं होतंत?'

काका दोन दिवस रागावलेले होते. मग त्यांनी लिहिलं : 'कुणी येणार हाय का, बाई, असं म्हनलं. ती बोलली न्हाई. पिशवी खाली ठेवली फक्त.'

अश्रुधारा गेल्या. संपादिकेने यातला एकही शब्द लिहिला नव्हता. तुमचं पुस्तक स्वतःच्या भाषेत लिहून देणारा संपादक भेटला, तर पैसे वाचले असं न समजता जरा सावध व्हा.

(दृश्य : संगणकाचा पडदा.)

पैशांचं म्हणाल, तर दर कुणी पानावर लावतं, कुणी शब्दांवर. आधी एक प्रकरण नमुन्यादाखल करून घ्यावं आणि ते घरी शांतपणे वाचावं. किती फेऱ्या होणार, शेवटचा शब्द कुणाचा, हे कागदावर असावं. 'संपादनासह छपाई' म्हणून एकरकमी पैसे मागणाऱ्याला विचारावं, संहिता वाचणार कोण? या प्रश्नावर फोनच्या पलीकडची शांतता ऐकण्यासारखी असते.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. त्या चुका लेखकाच्या नसतात. पण पकडाव्या लागतातच.

(दृश्य : पुन्हा तोच गठ्ठा, आता बारीक झालेला.)

दुसऱ्या खर्ड्यात 168 पानं उरली. देऊळ गेलं. घराण्याचा इतिहास चार ओळींवर आला. 1948ची गाडी काढायला मात्र काका तयार होईनात. बराच वाद झाला आणि ती शेवटच्या प्रकरणात गेली, जिथे काका तिकिटांचा ट्रे आणि पंच डेपोत जमा करतात. तिथे ती बसली. संपादिकेने तसं कबूलही केलं.

आता पानं मुद्रितशोधकाकडे आहेत. नव्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी 'म्हनलं'मधल्या 'न'भोवती तांबडं वर्तुळ काढलंय.

शेजारी पेन्सिलीने उत्तर आहे : 'असंच राहू द्या.'