धोंडू, पीटर आणि शुक्र्या

नाशिककरांना नावाची गोष्ट काय सांगायची! शूर्पणखेची नासिका कापली ती इथेच, म्हणून गाव नाशिक, हे आपण पंचवटीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हौसेनं सांगतो. कापलेलं नाक गावाच्या नावात आहे, पण त्याची आपल्याला कधी लाज वाटली नाही. माणसांच्या नावांची मात्र पटकन वाटते.

माझे आजोबा धोंडू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथं तरी जगावं म्हणून पणजीनं बाळ केरावर ठेवलं, शेजारणीनं सुपात उचललं आणि पणजीनं मूठभर दाणे देऊन ते परत विकत घेतलं. नाव ठेवलं धोंडू. धोंड्याला कोण दृष्ट लावणार? आजोबा 82 वर्षं जगले. (टाळ्या) थांबा, टाळ्या पणजीला द्या.

पुढे वडील नोकरीला लागले. तिथल्या साहेबांनी हजेरीपटावर वडिलांच्या नावापुढच्या ‘धोंडू’चं ‘डी.’ केलं. म्हणाले, बरं दिसतं. वडील काही बोलले नाहीत. निवृत्तीपर्यंत ‘डी.’ म्हणूनच सही केली, आणि नंतर घरच्या पाटीवरही तेच आलं. ते गेले तेव्हा शोकपत्रिकेच्या मजकुरातही ‘डी.’ होतं. मी छापखान्यात उभा राहून ते खोडलं आणि ‘धोंडू’ लिहिलं. मला आजही वाटतं, हे वडील असताना करायला हवं होतं.

आता ऐका. येशूनं शिमोनाला नवं नाव दिलं केफा. अरामी भाषेत त्याचा अर्थ खडक. ग्रीकमध्ये तो पेत्रोस झाला, तिथून पीटर, पेद्रो, प्योत्र, अरबीत बुत्रोस. फ्रेंचमध्ये तर पिएर हे माणसाचंही नाव आणि दगडालाही तोच शब्द. म्हणजे सगळे धोंडूच! आपल्याकडे धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं. भारतरत्नाच्या आड ‘धोंडो’ काही आलं नाही.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे. ‘निरनिराळ्या संस्कृतींतली नावं’ असा विषय जाहीर केलाय, तो आता भराभर सांगतो. किरण म्हणजे आपल्याकडे उजेड, आणि कानाला जवळजवळ तसंच लागणारं आयर्लंडमधलं कीरन म्हणजे सावळा. जपानीत अकिरा हे एकच नाव वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात आणि चिन्हागणिक अर्थ बदलतो. तेव्हा नुसत्या उच्चारावरून अर्थ ठरवू नका. कोशातल्या अर्थावरही थांबू नका. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारा. धोंडू म्हणणाऱ्या पणजीला मूल हवं होतं. साताऱ्यात 2011 साली 285 ‘नकुशीं’ना नवी नावं दिली, ते योग्यच झालं, कारण तिथे मुलगी नकोच होती. दोन्ही नावं ऐकायला ओबडधोबड, पण त्यांना एका मापानं मोजू नका.

शेवटचं. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर त्यालाच शुक्र्या म्हणतील. संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव आधी बुत्रोस घाली, त्यांच्यामागून कोफी अन्नान. म्हणजे आधी धोंडू, मग शुक्र्या! (हशा)

सभागृहात कुणाच्या घरी सोमा, बुध्या, शुक्र्या असतील, तर खाली जिन्यापाशी थांबा. मला ती नावं लिहून घ्यायची आहेत, ती कुणी ठेवली त्यासकट.