वडिलांचं घड्याळ 'नवं' करायला देण्याआधी हा व्हिडिओ बघा

(टेबलावर पांढरा रुमाल. रुमालावर चार मनगटी घड्याळं. कॅमेरा आधी घड्याळांवर, मग चेहऱ्यावर.)

राम राम मंडळी!

ही चार घड्याळं बघा. यातलं एकच माझं आहे. बाकीची तीन मी मागून आणलीत, आणि देताना तिघांनीही सारखंच बजावलंय, "आजच्या आज परत आण." बाजारात विकायला नेली तर या घड्याळांचे काही फार पैसे यायचे नाहीत. तरी मालक ती एक रात्र दुसऱ्याच्या घरी ठेवायला तयार नाहीत. का, तेच आज बोलायचंय. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

(पहिलं घड्याळ उचलून)

हे एच.एम.टी. जनता. माझ्या वडिलांचं. ते चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. एका पावसाळ्यात घड्याळाच्या काचेतून पाणी शिरलं आणि तबकडीवर चार आणि पाचच्या मधे एक डाग पडला. चहाच्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढा. मी घड्याळ वाचायला शिकलो तो त्या डागावरून. "लहान काटा डागावर आला की साडेचार. साडेचारला शाळा सुटते." एवढंच पहिलं.

वडील गेले. घड्याळ पेटीत पडून बंद झालं होतं. मी ते एका शहरातल्या दुकानात दिलं आणि तोंडानं सांगितलं, "एकदम नवं करून द्या." त्यांनी दिलं. काच नवी, पट्टा नवा, केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या घराला, पॉलिश, आणि तबकडी खरवडून पुन्हा रंगवलेली. पांढरीशुभ्र. घरी आणून आईच्या हातात ठेवलं. तिनं चष्मा लावला, काचेवरून चारच्या पुढे बोट फिरवलं, आणि काही न बोलता घड्याळ माझ्या हातात परत दिलं.

त्या दिवसापासून मी घड्याळं शिकायला लागलो.

तर आधी हे घड्याळ आहे काय, ते समजून घेऊ. एच.एम.टी. म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कंपनी. १९६१ साली बंगळूरला तिचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. 'देश की धडकन' ही जाहिरात ज्यांनी ऐकलीय, त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे कारखाना तोट्यात गेला आणि २०१६ साली सरकारनं घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आज तुमच्या घरात जे जनता, पायलट, सोना किंवा कोहिनूर आहे, त्याची जुनी तबकडी एकदा खरवडली की तशी दुसरी कारखान्यातून येणार नाही.

आत सेल नाही. चावी दिली की मेन स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि ती हळूहळू सुटताना चाकं फिरवते. सगळी शक्ती एकदम सुटू नये म्हणून शेवटी बॅलन्स व्हील असतं. ते डावी-उजवीकडे हेलकावे घेत वेळेचे तुकडे पाडतं. ऐका.

(घड्याळ माईकजवळ. काही क्षण शांतता.)

एका सेकंदात पाच ठोके. तासाला अठरा हजार. तबकडीवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं असतं ना, ते खडे हिऱ्या-माणकांचे असतील म्हणून लोक जपून ठेवतात. ते कारखान्यात बनवलेलं कृत्रिम माणिक असतं. चाकांची टोकं त्या खड्यांत फिरतात, म्हणजे घासून झिजत नाहीत. खरी किंमत त्या झीज न होण्याची आहे.

(दुसरं घड्याळ)

हे आप्पांचं. काळी तबकडी, पांढरे आकडे, एच.एम.टी. पायलट. आप्पा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. मी त्यांना विचारलं, "आप्पा, मुलानं एवढं भारी घड्याळ आणून दिलंय, ते का नाही घालत?" तर म्हणाले, "ते माझ्यासाठी घेतलंय. हे माझ्या कामाचं आहे."

मग त्यांनी मला रेल्वेचा नियम सांगितला. गाडी जिथून सुटते किंवा जिथे कर्मचारी बदलतात, तिथे निघण्याआधी गार्डनं आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचं. मग ती वेळ ड्रायव्हरला सांगायची, आणि ड्रायव्हरनं आपलं घड्याळ गार्डच्या घड्याळाशी जुळवायचं. म्हणजे पूर्ण गाडीची वेळ आधी या मनगटावर यायची, आणि इथून इंजिनात जायची. आप्पांनी हे सांगताना मनगट पुढे केलं ना, तेव्हा मला कळलं की मुलानं दिलेलं घड्याळ त्यांनी पेटीत का ठेवलंय. आजही ते आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीवर घड्याळ जुळवतात. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, तेही त्यांना पाठ आहे. इतक्या जुन्या चावीच्या घड्याळाला एवढा फरक पडतोच, तो दोष नाही.

वेळेवरून एक आठवलं, सांगूनच टाकतो. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली. ही वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपलं जळगाव साधारण साडेपंच्याहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणून आपल्याकडे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला जवळजवळ अर्धा तास बाकी असतो. सावली बघून वेळ सांगणारी शेतातली म्हातारी माणसं चुकत नव्हती, त्यांची वेळ इथली होती.

(तिसरं घड्याळ. कॅमेरा सेकंदकाट्यावर.)

हे सर्वांत साधं. टायटनचं लेडीज घड्याळ, सेलवर चालणारं. पट्टा तीनदा बदललाय. सिस्टरांचं आहे. त्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला सातपुड्यात नोकरीला होत्या, आरोग्य उपकेंद्रात.

त्यांना विचारलं, "सिस्टर, याच्यात एवढं काय आहे?" त्यांनी सेकंदकाट्यावर बोट ठेवलं. लहान लेकरू खोकल्यानं आजारी आहे, आई कडेवर घेऊन डोंगर उतरून आलीय. अशा वेळी न्यूमोनिया आहे का, याचा पहिला अंदाज श्वास मोजून घेतात. पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो वेगाचा श्वास, न्यूमोनियाची खूण. बाळ शांत असावं लागतं, रडत असेल तर मोजणी चुकते. सिस्टर आईच्या मांडीशेजारी बसायच्या, मनगट बाळाच्या पोटाशी धरायच्या, आणि पोट वर-खाली होताना मोजायच्या.

मी म्हटलं, आकड्यांचं घड्याळ चाललं नसतं का? त्या म्हणाल्या, "आकडे वाचावे लागतात रे बाबा. काटा नुसता दिसतो. मी पोटाकडे बघत असले तरी काटा बारावर आलेला मला दिसायचा." मी हे वाक्य घरी येऊन लिहून ठेवलं. तबकडी आणि काटे अजून का टिकलेत, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठेच मिळालं नव्हतं.

या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट त्या संख्येचं निम्मं, पुन्हा निम्मं असं पंधरा वेळा करतं, की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. म्हणून याचा काटा टक-टक उड्या मारत जातो, आणि जनताचा सरकत गेल्यासारखा वाटतो.

(चौथं घड्याळ)

हे तुम्ही ओळखलंच. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून जवळजवळ असंच येतंय, वजन २१ ग्रॅम. रावेरकडच्या एका केळीवाल्या दादाचं आहे. शेतीची लाइट रात्रीची असली की मोटर चालू करायला उठायचं, त्यासाठी याचा अलार्म. बायको-पोरांची झोप मोडत नाही इतका बारीक आवाज, पण हात उशीला असला की त्याला बरोबर जाग येते. मोबाईल शेतात पाण्यात पडायची भीती, याची नाही.

आता कामाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घामानं केसचा क्रोमचा मुलामा उडतो, मागच्या झाकणाच्या कडेला मळ आणि गंज धरतो. तेव्हा रात्री घड्याळ काढलं की कोरड्या कापडानं पुसून ठेवा. चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, आणि देताना घड्याळ हातातून काढा, म्हणजे चावीचा दांडा वाकडा ओढला जात नाही. चावीचं बटण घट्ट लागलं की थांबा. मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ ठेवू नका. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलं की घड्याळ पळायला लागतं. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेलं घड्याळ चावी देऊन सुरू झालं, तरी तसंच घालू नका. आतलं तेल सुकलेलं असतं, मशीन कोरडं घासतं.

दुकानात काय सांगायचं? "मशीन उघडून धुवा, तेल द्या, काच फुटली असेल तर बदला. तबकडीला हात लावू नका, पॉलिश करू नका." बस. आणि कुणी जुनं एच.एम.टी. विकत घेत असाल तर तबकडीवरची बारीक अक्षरं भिंगातून बघा. कारखान्याची छपाई रेखीव असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. भडक निळ्या-लाल तबकडीला भुलून पैसे देण्याआधी एवढं कराच.

माझं घड्याळ शेवटी मी अमळनेरला एका म्हाताऱ्या घड्याळवाल्या बाबांकडे नेलं. नवं केल्यावर ते दोन महिन्यांत पुन्हा थांबलं होतं. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, तबकडी बघितली आणि म्हणाले, "डायलले हात लावाले नको व्हता रे भाऊ." मग मागचं झाकण उघडलं, उजेडात तिरपं धरलं आणि मला बोलावलं. "आठे ये. दख."

(कॅमेरा झाकणाच्या आतल्या बाजूवर. तिरपा उजेड.)

दिसतंय? सुईच्या टोकानं कोरलेल्या तारखा आहेत. जुने कारागीर घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत बारीक नोंद करून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी कधी उघडलं होतं ते कळावं. पहिली ७८ सालची. मग ८३. मग एकदम ९४. मधली अकरा वर्षं वडिलांनी घड्याळ उघडलंच नाही. ती माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नांची आणि माझ्या कॉलेजची वर्षं आहेत. ९४ च्या आकड्यावर बाबांनी नख ठेवलं आणि म्हणाले, हे अक्षर माझंच आहे.

डाग गेला तो गेला. पण दुकानवाल्यांनी झाकण आतून घासलं नव्हतं. बाबांनी मशीन धुतलं, तेल दिलं, आणि ९४ च्या खाली सुईनं त्या दिवसाची तारीख कोरली. तुमचं घड्याळ पुढच्या वेळी उघडतील तेव्हा समोर थांबा, आणि झाकण आतून बघायला मागा.

(घड्याळ मनगटावर बांधत)

लहान काटा चार आणि पाचच्या मधे आलाय. आप्पांचं घड्याळ अंधार पडायच्या आत भुसावळला पोचवायचंय. निघतो.