ब्रँड दहा, मूळ एकच

केमिस्टच्या फळीवर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या दहा कंपन्यांच्या पट्ट्या असतात, त्यामुळे एकीची नाही तर दुसरीची घेऊ, असं आपण धरून चालतो. एरवी ते चालतंही. पण यातल्या बहुतेक गोळ्यांचा कच्चा माल पेनिसिलिन जीपासून बनतो आणि तो गेली कित्येक वर्षं मुख्यतः चीनमधून येतो. तिथली वाट अडली की दहाही ब्रँड एकदम अडतात.

पेनिसिलिन जी बुरशीपासून मिळतं. अवाढव्य टाक्यांत साखर आणि मक्याचा अर्क घालायचा, दिवसरात्र निर्जंतुक हवा सोडायची. एक परका जंतू शिरला की अख्खा घाणा वाया. वीज भरपूर लागते. हे आपल्याला येत नव्हतं असं नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले असे कारखाने टिकले नाहीत. २०२० मध्ये केंद्राने कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, २०२४ मध्ये काकिनाड्याजवळ पेनिसिलिन जीचा कारखानाही सुरू झाला. पण चीनने भाव पाडला तर गोळ्या बनवणारा कुणाकडून घेणार? माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

टंचाई दुकानात उशिरा पोचते. जानेवारी २०२० मध्ये कोविडमुळे चीनचा हुबेई प्रांत बंद झाला. ३ मार्चला भारताने पॅरासिटामॉलसह २६ औषधांच्या आणि कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंधनं घातली. मधल्या काळात कारखाना, स्टॉकिस्ट, केमिस्ट यांच्याकडचा साठा खपत असतो. म्हणून केमिस्ट ‘माल शॉर्ट आहे’ म्हणू लागला, तेव्हाच हालचाल करा.

अपस्मार, थायरॉइड, हृदयविकार, इन्सुलिन, ही एकाएकी थांबवायची औषधं नव्हेत. यांचा महिनाभराचा जादा साठा घरी असावा. नवी पट्टी मागे, जुनी पुढे. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. थायरॉइडचा ब्रँड बदलला तर सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करा. अपस्माराचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नका. अँटिबायोटिक मात्र साठवायचं नाही.

इन्सुलिनमधली चूक सर्वांत घातक. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या, म्हणजे मिलीलिटरला ४० युनिट. टंचाईत १०० ची बाटली हाती आली आणि सिरिंज जुनीच, ४० साठीची लाल टोपणाची, वापरली तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट होतं. बाटली बदलली की सिरिंज बदला. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. उघडलेली साधारण २८ दिवसांत संपवा.

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी लागतं. स्वस्त औषध, नफा नाही, म्हणून ते वरचेवर गायब होतं. तारखेच्या आठवडाभर आधीच चौकशी करा. नाहीच मिळालं तर डोस बुडवू नका. तेवढ्यापुरत्या रोज दोनदा घ्यायच्या पेनिसिलिनच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.