घर, घरपट्टी आणि मत

नमस्कार मंडळी.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात बॉम्बे स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. साम्राज्याच्या काळात तिथल्या गिरणगावातल्या रस्त्यांना अशी नावं पडली. जवळच काश्मीर रोड आहे, लखनौ स्ट्रीटही आहे. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, राहणारे कॅथलिक कामगार. थोडं पलीकडे गेलं की शँकिल रोड. तिथेही तशीच घरं आणि तसेच कामगार, पण प्रोटेस्टंट. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, आपल्याकडे झेंडावंदन झालं त्याच दिवशी, प्रोटेस्टंट जमावाने बॉम्बे स्ट्रीट पेटवली. बहुतेक घरं जळाली. माणसं गाद्या आणि पोरं घेऊन बाहेर पडली.

मला पुष्कळदा विचारतात की येशू एक, बायबल एक, मग हे लोक भांडत कशावरून होते? चर्चमधली प्रार्थना, मास, कशी म्हणावी यावरून? तसं असतं तर दोन बाजूंचे धर्मपंडित बसले असते आणि फार तर चार ग्रंथ लिहून झाले असते. ही आग घरावरून लागली होती. घर कोणाला मिळावं, घरपट्टी कोणाच्या नावावर असावी आणि तिच्यामागून येणारं मत कोणाचं, याचा तो वाद होता. आज मी मुख्यतः तेवढंच सांगणार आहे, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१६०७ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अल्स्टर प्रांताचे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, सरदार देश सोडून गेले. त्यांच्या जमिनी राजाने जप्त केल्या आणि १६०९ पासून तिथे स्कॉटलंड-इंग्लंडमधून प्रोटेस्टंट वसाहतवाले आणून बसवले. डेरी हे गाव लंडनच्या व्यापारी मंडळ्यांकडे गेलं, १६१३ मध्ये त्याचं नाव लंडनडेरी झालं आणि भोवती तट उठला. तेव्हापासून कॅथलिक म्हणजे जमीन गेलेला आणि प्रोटेस्टंट म्हणजे जमीन मिळालेला, असा त्या शब्दांचा व्यवहारातला अर्थ झाला. नामांतर तर आजही पचलेलं नाही. तुम्ही डेरी म्हणता की लंडनडेरी, यावरून समोरचा तुमची बाजू ओळखतो. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिथे शाळा विचारतात. एच या अक्षराचा उच्चारसुद्धा दोन्हीकडे वेगळा.

१६९० ची बॉइनची लढाई प्रोटेस्टंट लोक दर १२ जुलैला मिरवणूक काढून साजरी करतात. इंग्लंडच्या गादीसाठीची ही लढाई प्रोटेस्टंट विल्यम जिंकला, कॅथलिक जेम्स हरला. पण जेम्सच्या पाठीशी होता फ्रान्सचा चौदावा लुई, आणि विल्यम इंग्लंडमध्ये उतरला त्या काळात पोप अकरावे इनोसंट यांचं याच लुईशी उघड वैर होतं. युरोपच्या पटावर ही धर्माची सरळ विभागणी नव्हतीच. आयर्लंडमध्ये मात्र तिचा निकाल धर्माच्या नावाने लागला. पुढच्या कायद्यांनी कॅथलिकांना जमीन विकत घेणं, सरकारी पद, शेवटी मतदानही बंद केलं. प्रेस्बिटेरियन प्रोटेस्टंटांनाही त्याचा थोडा चटका बसला. म्हणूनच १७९१ मध्ये बेलफास्टच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी कॅथलिकांना बरोबर घेऊन ‘युनायटेड आयरिशमेन’ उभी केली. हे लोक एकत्र येऊ शकत होते, आले होते. १७९८ चा उठाव चिरडला गेला आणि ती वाट बुजली.

आता एक धागा आपल्याकडचा. ‘होमरूल’ हा शब्द लोकमान्यांनी आयर्लंडकडून घेतला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू होता. आपल्याला या शब्दात फक्त स्वराज्य ऐकू येतं. अल्स्टरच्या प्रोटेस्टंटाला त्यात रोम, म्हणजे पोपची सत्ता, ऐकू यायचं. ‘होमरूल म्हणजे रोमरूल’ ही तिथली घोषणाच होती. १९१२ मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास स्त्री-पुरुषांनी त्याविरुद्ध प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. ही भीती निव्वळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. पुढे वेगळ्या झालेल्या दक्षिण आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं, घटस्फोटावर बंदी घातली. जिथे आपण अल्पसंख्य होऊ तिथे आपलं काय होईल, हा प्रश्न अगदी खरा असतो.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला. अल्स्टरचे जिल्हे नऊ, पण उत्तर आयर्लंडमध्ये घेतले सहाच, कारण नऊ घेतले असते तर प्रोटेस्टंट बहुमत काठावर आलं असतं. सहांमध्ये ते सुमारे दोन तृतीयांश होतं. म्हणजे या राज्याची सीमाच डोकी मोजून आखलेली. पुढचा सगळा कारभार ती मोजणी बिघडू नये म्हणून चालला.

डेरी शहर बघा. प्रभागरचना हा शब्द आपल्याला नवा नाही, तेव्हा आकडे सरळ सांगतो. १९६७ मध्ये नगरपालिकेसाठी १४,४२९ कॅथलिक मतदार होते आणि ८,७८१ इतर, बहुतेक प्रोटेस्टंट. प्रभाग तीन. दक्षिण प्रभागात १०,०४७ कॅथलिक कोंबलेले, त्यांना जागा आठ. उत्तर प्रभागात साडेसहा हजारांच्या आत मतदार, त्यांनाही आठ. तिसऱ्या, वॉटरसाइड प्रभागाला चार. या दोन्हींत प्रोटेस्टंट जास्त. निकाल दरवेळी तोच: युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणारे, बारा, विरोधक आठ. बहुसंख्य शहर कायमचं विरोधी बाकावर.

आणि मत होतं कोणाला? नगरपालिकेच्या निवडणुकीत ते घरपट्टी भरणाऱ्या घरधन्याला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरूला नाही, आईबापांकडे राहणाऱ्या तिशीतल्या मुलाला नाही. मोठ्या व्यावसायिकाला मात्र सहापर्यंत मतं. पार्लमेंटसाठी मत देऊ शकणाऱ्यांपैकी सुमारे पाव लोक इथे बाद. त्यांत गरीब प्रोटेस्टंटही होते, आणि त्यांना हे कोणी धड सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नगरपालिकेने घर दिलं की दोन मतं दिली, असा हा हिशेब. म्हणून कॅथलिकांना घरं द्यायची तर दक्षिण प्रभागातच. तिथे जागा उरली नाही तेव्हा त्याच प्रभागातल्या बॉगसाइड वस्तीत उंच इमारती बांधल्या. उत्तर प्रभागात एक कुटुंब सरकलं तरी गणित हलायचं. एका एका खोलीत संसार कोंबलेले असताना घरं न बांधणं हे तिथे राजकीय धोरण होतं.

जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात मुलाबाळांच्या एका कॅथलिक कुटुंबाला घराबाहेर काढलं गेलं. शेजारचंच घर मिळालं एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला. स्थानिक युनियनिस्ट राजकारण्याशी तिचा नोकरीचा संबंध होता. स्टॉरमाँटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, विधिमंडळातले नॅशनलिस्ट (अखंड आयर्लंडवाले) सदस्य ऑस्टिन करी त्या घरात शिरून बसले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. ५ ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. मागणी होती एक माणूस, एक मत. पोलिसांचा लाठीमार कॅमेऱ्याने टिपला आणि जगाने पाहिला.

१९६९ संपेपर्यंत डेरीची नगरपालिका बरखास्त झाली, स्थानिक मतदान सर्वांना मिळालं, १९७१ मध्ये घरवाटप राजकारण्यांच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेलं. मूळ मागण्यांचा मोठा भाग मान्य झाला होता. पण तोवर बॉम्बे स्ट्रीट जळली होती, लष्कर रस्त्यावर आलं होतं आणि आयआरए, म्हणजे ब्रिटिशांना घालवू पाहणारी सशस्त्र आयरिश संघटना, पुन्हा उभी राहिली होती. १९७१ च्या ऑगस्टमध्ये खटल्याविना धरपकड झाली. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडून तेरा जण मारले, चौदावा नंतर गेला. त्याच जुलैमध्ये आयआरएने बेलफास्टमध्ये एका दुपारी वीसेक बाँब फोडले, नऊ माणसं गेली. एकूण साडेतीन हजारांहून जास्त जीव गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक आयआरएसारख्या रिपब्लिकन संघटनांनी घेतले, मोठा वाटा प्रोटेस्टंट बाजूच्या सशस्त्र लॉयलिस्टांनी, उरलेले सरकारी दलांनी. कुठल्याच बाजूला याचा हिशेब टाळता येत नाही.

मला या सगळ्यात १९३२ चा ऑक्टोबर आठवत राहतो. मंदीत बेकार झालेले बेलफास्टच्या शँकिल रोडचे प्रोटेस्टंट आणि शेजारच्या फॉल्स रोडचे कॅथलिक मदतीच्या तुटपुंज्या रकमेसाठी एकत्र रस्त्यावर आले. सांगतात की मोर्चातल्या बँडला वाजवायला धूनच मिळेना, कारण प्रत्येक धून एका बाजूची. अखेर केळ्यांवरचं एक गमतीचं गाणं वाजवलं. पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले, पण सरकारला मदत वाढवावी लागली. भुकेला वाट मिळाली तेवढे काही दिवस पंथ मागे पडला.

१० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडेचा करार झाला. उत्तरेतल्या ७१ टक्के मतदारांनी तो स्वीकारला. सत्ता दोघांनी मिळून चालवायची, आणि तिथे जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही. शंभर वर्षांपूर्वी मोजून आखलेलं ते बहुमतही आता उरलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५.

बॉम्बे स्ट्रीट पुन्हा बांधली गेली. सप्टेंबर १९६९ मध्ये लष्कराने तिच्यामागे काटेरी तारांची सीमारेषा ओढली आणि सांगितलं की ही अगदी तात्पुरती आहे. त्या तारांची पुढे भिंत झाली, ती उंच होत गेली. २०१३ मध्ये सरकारने अशा सगळ्या भिंती दहा वर्षांत काढायचं ठरवलं होतं. ही अजून उभी आहे. तिला लागून असलेल्या घरांच्या मागच्या अंगणांवर छपरापर्यंत लोखंडी जाळी बसवलेली आहे, भिंतीवरून काही येऊन पडलं तर अंगावर येऊ नये म्हणून.