आधी सोडा, मग द्या

(दर्यापूर तालुक्यातील एका गावात, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मायबाप हो, कापूस वेचणीचे दिवस आहेत. सकाळपासून वावरात वाकून आलेल्या माझ्या बहिणी इथं पुढं सतरंजीवर बसल्या आहेत. मागं खुर्च्यांवर गावातली सधन मंडळी आहेत. मला आज बोलायचं आहे ते खुर्च्यांवर बसलेल्यांशी. सतरंजीवरच्यांनी साक्षीला असावं.

20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. दरवर्षी या दिवशी आपण गाव झाडतो, आणि ते झाडलंच पाहिजे. पण बाबांच्या हाती खराटा येण्याआधी काय घडलं, ते आपण पोरांना सांगत नाही. शेंडगावचा डेबू, म्हणजे हेच बाबा, बाप गेल्यावर दापुऱ्याला मामाकडे वाढला. मामाच्या शेतात तो राबला आणि शेत पिकवून दाखवलं. ते शेत सावकाराच्या घशात गेलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला कागदावर अंगठा कशासाठी घेतला हे कुठं कळणार? पुढं आयुष्यभर बाबा कीर्तनात ओरडून सांगत राहिले, कर्ज काढू नका, पोरं शिकवा. ते बोलणं त्या वावरातून आलं होतं.

त्याच माणसाच्या हातून पुढं लाखो रुपये गेले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैसा शेठ-सावकारांचाच होता. बाबा मात्र फुटक्या गाडग्यात भाकर कुस्करून खात. आणि 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. वर्षानुवर्षं झिजून उभी केलेली वास्तू, पण ज्यांच्या पोरांना शिक्षणासाठी ती लागणार होती त्यांच्या हाती देताना बाबांचा हात अडखळला नाही. पैसा देणारे खूप भेटतात. त्यावरचा हक्क सोडणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

आता आजचं बोलू. देशातली विषमता मोजणाऱ्या अभ्यासकांनी 2024 मध्ये आकडे मांडले. 2022-23 साली वरच्या एक टक्का लोकांकडं देशाच्या एकूण संपत्तीपैकी 40.1 टक्के संपत्ती होती, आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा 22.6 टक्के होता. असं काही ऐकलं की आपली मान मुंबईकडं वळते. ते अब्जाधीश, ते बंगले, ती लग्नं. त्यांच्यावर बोलायला काही खर्च येत नाही. पण पैसा एका जागी कसा गोळा होतो ते बघायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या तालुक्यात बघा.

दिवाळीच्या तोंडावर कापूस घरात येतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. पण तो कुणाला मिळतो? ज्याला थांबता येतं त्याला. ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, पोरीची फी भरायची आहे, तो सरकारी केंद्राची, नंबर लागण्याची आणि मग चुकाऱ्याची वाट बघू शकत नाही. तो गावात येऊन माल उचलणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला घरीच माल देतो. ओलावा दाखवून भाव पाडला जातो, वजनात कटती धरली जाते, वर उधारी वळती होते. हातात उरतं ते मोजायलाही वेळ लागत नाही. यात कुणी दरोडा घालत नाही. समोरच्याची नड दिसते आणि तिची किंमत वसूल होते, एवढंच. आणि तोच कापूस वेचून देणाऱ्या बाईला किलोमागं दोन रुपये वाढवायचे म्हटलं तर सगळं गाव एका सुरात परवडत नाही म्हणतं. ज्याचं दहा एकर कोरडवाहू आहे त्याला खरंच परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं जिनिंग आहे, कृषी केंद्र आहे, शिवाय सत्तर एकर ओलीत आहे, त्यानं हा शब्द उच्चारू नये.

सावकारीची रीतही बदलली. कर्जाचा कागद होतच नाही, सरळ खरेदीखत होतं. पैसे फेडले की उलटून देऊ, असा तोंडी शब्द. फेड लांबली की सातबाऱ्यावर नाव चढतं. डेबूच्या मामाच्या वेळी जे झालं तेच, फक्त आता निबंधक कार्यालयात फोटो काढून होतं. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 साली आला. अवैध सावकारीत गेलेली जमीन जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून परत मागता येते, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला पाहिजे. सतरंजीवरच्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि मग चैत्रात भंडारा होतो. पाच गावं जेवतात. पंगत वाढणारा हात आणि खरेदीखतावर सही करणारा हात कधीकधी एकच असतो. मी भंडाऱ्याच्या विरोधात नाही, भुकेल्याच्या पानात पडलेली भाकर वाया जात नाही. पण दुसऱ्याचं वावर घरात ठेवून त्याच माणसाला बुंदी वाढणं याला मी दान म्हणणार नाही. आधी ते वावर सोडा. व्याजावरचं व्याज सोडा. कटती बंद करा. ही फेड झाली, दान त्यानंतर सुरू होतं.

वर्ध्याचे जमनालाल बजाज आठवा. दत्तक गेलेलं पोर. 1907 साली, वय सतरा. लग्नाला जाताना दागिने घालायला नकार दिला म्हणून आजोबा बच्छराज पैशावरून बोलले. पोरानं मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिलं की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडलं. समजूत काढून त्याला परत आणलं गेलं, इस्टेटही त्याच्याच हाती आली. पण एकदा हात मोकळा झालेला माणूस पुन्हा मूठ आवळत नाही. 1928 साली त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना उघडं केलं, तेव्हा समाजातल्या लोकांचा रोष अंगावर घेतला. चेक फाडून देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. स्वतःच्या जातीतली पत पणाला लावणारं दान मी विदर्भात फार थोडं पाहिलं.

विनोबांचं भूदानही इथं लपवून चालणार नाही. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणात पोचमपल्लीला दलित कुटुंबांनी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली. पुढं विनोबा वर्षानुवर्षं पायी फिरले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते म्हणत. देशात 40 लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. तिच्यातली बरीच निघाली बरड, खडकाळ, नाहीतर वादातली. म्हणजे सहावा मुलगा तर मानला, पण वाटणीत त्याला गोटाडी दिली. या गोष्टीचा मला आजही राग येतो, कारण मागणारा माणूस उन्हातान्हात पायी दारात आला होता.

कुणी म्हणेल, सरकारनं करावं. करावंच. वारसा संपत्तीवरचा कर 1985 साली गेला, संपत्ती कर 2015 साली गेला. ते परत यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोवर श्रीमंतांनी हात बांधून बसावं असं कुठं आहे? चक फीनी नावाचा एक अमेरिकन व्यापारी होता. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांतून त्यानं अब्जावधी कमावले आणि आठ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जिवंतपणीच देऊन टाकली. बहुतेक दान नाव न लावता केलं. शेवटची वर्षं भाड्याच्या घरात काढली. असं होऊ शकतं, माणसानं केलेलं आहे.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली, किती द्यावं? विनोबांचा सहावा हिस्सा मला तरी रास्त वाटतो, आणि ज्याच्या दोन पिढ्यांची सोय झाली आहे त्यानं तिथंही थांबू नये. कुठं द्यावं, हे शोधावं लागत नाही. आपला खारपाणपट्टा आहे, विहिरीला पाणी असून पिता येत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा अमरावती-अकोल्याला जाणारी माणसं तुमच्या ओळखीची आहेत. त्यांच्या गाडीभाड्याचा वर्षाचा भार उचला. सालदाराच्या पोरीला बारावीनंतर घरी बसावं लागत असेल तर कॉलेजात जा, वसतिगृहाची फी भरा, आणि पावती तिच्या बापाच्या नावानं फाडायला सांगा.